एकवचन लिहायचं की अनेकवचन? औपचारिक इंग्रजी लिहिणाऱ्या सोलापूरकरांसाठी

सोलापुरातून दररोज कितीतरी इंग्रजी कागद बाहेर पडतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून परदेशी खरेदीदाराला जाणारं टॉवेलचं कोटेशन, डाळिंब निर्यात करणाऱ्याचं पत्र, विद्यापीठात सादर होणारा प्रबंध, बँकेला दिलेला कर्जाचा अर्ज. या कागदांत काळ फारसे चुकत नाहीत, शब्दही बरे असतात. डळमळतं ते नामाचं वचन. 'टॉवेल' की 'टॉवेल्स', 'फोटोग्राफ' की 'फोटोग्राफ्स', 'मशिनरी' की 'मशिनरीज' इथे पेन थांबतं आणि मग अंदाजाने काहीतरी लिहिलं जातं.

हा प्रश्न नुसत्या नीटनेटकेपणाचा नाही. 'प्लीज सेंड द सॅम्पल' असं लिहिलं की समोरचा एकच नमुना पाठवणार. तुम्हाला मात्र प्रत्येक रंगाचा एक हवा असतो. 'द पार्टनर विल साइन' आणि 'द पार्टनर्स विल साइन' यांत कागदावर किती सह्या लागणार तेच बदलतं. व्यवहाराच्या कागदात वचन म्हणजे संख्या, आणि संख्या चुकली की पैसा, वेळ आणि विश्वास तिन्ही जातात.

बहुतेक जण वाक्याचं क्रियापद 'इज' लिहायचं की 'आर' इथून विचार सुरू करतात. ही दिशा उलटी आहे. आधी तीन गोष्टी ठरवाव्यात, त्याही याच क्रमाने: वस्तू मोजता येते का; ती कोणाकडे किती आहे; आणि वाक्यात ते नाम स्वतंत्र उभं आहे की दुसऱ्या नामाला चिकटलं आहे. एवढं झालं की क्रियापद बहुतेक वेळा आपोआप ठरतं; उरलेल्या जागा चौथ्या-पाचव्या पायरीत आणि त्यांच्यानंतर घेतल्या आहेत. इंग्रजी वाक्यं खाली देवनागरीतच दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, म्हणजे शेवटचा 'स' आहे की नाही ते कानालाच कळेल.

आधी आपला मराठी कान समजून घ्या

कारखान्यातले तीन शब्द घ्या: माग, कामगार, टॉवेल. एक माग, चाळीस माग. एक कामगार, साठ कामगार. एक टॉवेल, पाचशे टॉवेल. मराठीत आकारान्त नसलेलं पुल्लिंगी नाम अनेकवचनात बदलत नाही. आधीचा आकडा आणि पुढचं क्रियापद संख्या सांगतात. इंग्रजीतून आलेले ट्रक, बॉक्स, रोल हेही आपण याच घरात बसवले. चादर मात्र स्त्रीलिंगी, म्हणून एक चादर, वीस चादरी.

याचा परिणाम कोटेशनमध्ये स्पष्ट दिसतो. 'ट्वेंटी बेडशीट्स अँड फाइव्ह हंड्रेड टॉवेल' असं एकाच ओळीत लिहिलेलं असतं. चादरीचं अनेकवचन कानात असल्याने 'बेडशीट्स' बरोबर येतं, आणि टॉवेल मराठीत बदलत नसल्याने 'स' गळतो. लिहिणारा निष्काळजी नसतो, त्याचा कान मराठीचा नियम अगदी चोख पाळत असतो. म्हणून उपायही कानावर सोडू नका. मजकूर पूर्ण झाला की त्यातल्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेवा आणि त्याच्या पुढचं नाम बघा. आकडा एकापेक्षा जास्त आणि नाम मोजण्याजोगं, तर 'स' हवाच: 'फाइव्ह हंड्रेड टॉवेल्स', 'टेन बॉक्सेस', 'फॉर्टी लूम्स'.

दुसरी सवय आदराची. 'आमचे संचालक उद्या येणार आहेत', 'जिल्हाधिकारी म्हणाले' हे आपण एका माणसाबद्दलच म्हणतो. तेच इंग्रजीत नेलं की 'आवर डायरेक्टर आर कमिंग टुमॉरो' असं वाक्य होतं आणि वाचणाऱ्याला कळत नाही की एक येणार की चौघे. इंग्रजीत आदर वचनात बसत नाही. तो 'मिस्टर', 'डॉक्टर', 'द ऑनरेबल' अशा शब्दांत आणि पत्राच्या एकूण सुरात ठेवावा लागतो. माणूस एक, तर क्रियापद एकवचनी: 'आवर डायरेक्टर इज कमिंग', 'द कलेक्टर हॅज अप्रूव्ह्ड द प्रपोजल'. असं लिहिण्यात साहेबांचा मान कमी होत नाही.

पायरी पहिली: ही वस्तू इंग्रजीत मोजतात का?

मोजता न येणाऱ्या नामांना इंग्रजीत 'स' लागत नाही, आधी 'अ' किंवा 'अॅन' लागत नाही आणि क्रियापद एकवचनी राहतं. आपल्याकडच्या कागदांत सर्वांत जास्त चुकणारे शब्द हे: इन्फर्मेशन, इक्विपमेंट, मशिनरी, फर्निचर, स्टेशनरी, लगेज, अॅडव्हाइस, फीडबॅक, एव्हिडन्स, करस्पॉन्डन्स, सॉफ्टवेअर, ट्रॅफिक, होमवर्क. 'इक्विपमेंट्स' आणि 'इन्फर्मेशन्स' हे दोन शब्द कोणत्याही निविदेत दिसले तर डोळे मिटून शेवटचा 'स' काढा.

पण आकडा सांगायचाच असेल तर? दोन वाटा आहेत. एक, नामाच्या आधी मोजणारा शब्द लावायचा: 'थ्री पीसेस ऑफ इक्विपमेंट', 'टू आयटम्स ऑफ फर्निचर', 'अ पीस ऑफ अॅडव्हाइस'. दुसरी वाट मला जास्त आवडते: त्याच अर्थाचा मोजता येणारा शब्द निवडायचा. 'मशिनरी' ऐवजी 'मशीन्स', 'अॅडव्हाइस' ऐवजी 'सजेशन्स', 'करस्पॉन्डन्स' ऐवजी 'लेटर्स', 'एव्हिडन्स' ऐवजी 'डॉक्युमेंट्स'. 'थ्री पीसेस ऑफ मशिनरी वेअर इन्स्टॉल्ड' यापेक्षा 'थ्री मशीन्स वेअर इन्स्टॉल्ड' हे वाक्य सरळ आहे, आणि औपचारिक लेखनात सरळपणाला पर्याय नाही.

'रिसर्च' हा शब्द प्रबंध लिहिणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावा. 'मेनी रिसर्चेस हॅव शोन' हे आपल्याकडच्या प्रस्तावनांत हमखास सापडतं. 'रिसर्च' मोजत नाहीत, 'स्टडी' मोजतात. 'मेनी स्टडीज हॅव शोन' किंवा 'मच रिसर्च हॅज शोन' असं लिहा.

खरी गुंतागुंत आहे ती दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या शब्दांची, कारण तिथे 'स' लावला की अर्थच दुसरा होतो. सूत घ्या. 'टू हंड्रेड किलोग्रॅम्स ऑफ यार्न' म्हणजे माल म्हणून सूत, तिथे 'यार्न' एकवचनात. 'वी डील इन कॉटन अँड पॉलिस्टर यार्न्स' म्हणजे सुताचे प्रकार, तिथे अनेकवचन. 'फॅब्रिक' आणि 'फॅब्रिक्स'चंही असंच. 'वर्क' म्हणजे काम, पण 'सिव्हिल वर्क्स' किंवा 'पब्लिक वर्क्स डिपार्टमेंट' मधलं 'वर्क्स' म्हणजे बांधकामं. म्हणून 'आय हॅव मेनी वर्क्स टुडे' चूक आणि 'रोड वर्क्स' बरोबर. 'एक्स्पिरिअन्स' म्हणजे नोकरीचा अनुभव, 'एक्स्पिरिअन्सेस' म्हणजे आयुष्यात आलेले वेगवेगळे प्रसंग. नोकरीच्या अर्जात पहिलाच हवा.

सगळ्यांत महागात पडू शकणारी जोडी म्हणजे 'डॅमेज' आणि 'डॅमेजेस'. पावसात भिजून माल खराब झाला ते 'डॅमेज': 'द डॅमेज टु द गुड्स वॉज सिव्हिअर'. त्याबद्दल कायद्याने मागितलेली भरपाई म्हणजे 'डॅमेजेस'. विमा कंपनीला नुकसानीची खबर देताना 'वी रिपोर्ट द डॅमेजेस' असं लिहिलं तर वाचणारा क्षणभर अडखळतोच. तिथे 'डॅमेज' लिहा.

शंका आली की शब्दकोश उघडा, मात्र इंग्रजी-मराठी कोश नको. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत नामाच्या प्रत्येक अर्थापुढे 'सी' किंवा 'यू' अशी खूण असते. 'सी' म्हणजे मोजता येणारं, 'यू' म्हणजे न येणारं. खूण शब्दाला नसते, अर्थाला असते. म्हणून आपल्याला हव्या असलेल्या अर्थापर्यंत खाली जाऊन बघा.

पायरी दुसरी: कोणाकडे किती?

व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत या पायरीला फार कमी जागा मिळते, आणि औपचारिक कागदांत भांडणं होतात ती बहुतेक इथेच.

कारखान्याच्या फाटकावर लावलेली ही सूचना बघा: 'ऑल वर्कर्स मस्ट सबमिट देअर फोटोग्राफ.' सगळ्यांचा मिळून एक समूहफोटो द्यायचा की काय? बरं, 'ऑल वर्कर्स मस्ट सबमिट देअर फोटोग्राफ्स' केलं तरी प्रत्येकाने एक द्यायचा की तीन ते कळत नाही. मराठीत 'प्रत्येकी' हा एक शब्द टाकला की काम होतं. इंग्रजीत त्यासाठी वाक्याची रचना बदलावी लागते.

साधारण कल असा की अनेक माणसं आणि प्रत्येकाची आपापली वस्तू असेल तर इंग्रजी अनेकवचन पसंत करते. सोलापूरच्या चार हुतात्म्यांबद्दल, म्हणजे मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबद्दल लिहिताना 'द फोर मार्टर्स लेड डाउन देअर लाइव्ह्ज' असंच लिहायचं. प्राण प्रत्येकाचा वेगळा होता, म्हणून 'लाइफ' नाही, 'लाइव्ह्ज'. त्यांना फाशी दिली गेली तो दिवस मात्र एकच, १२ जानेवारी १९३१, म्हणून 'ऑन द सेम डे'. एकाच वाक्यात दोन्ही वचनं येतात ती वस्तुस्थितीमुळे. प्राण चार, दिवस एक.

हीच कसोटी सगळीकडे लावा. 'द वर्कर्स रिपोर्ट टु देअर सुपरवायझर' म्हणजे सगळ्यांचा मिळून एक सुपरवायझर. 'द वर्कर्स रिपोर्ट टु देअर सुपरवायझर्स' म्हणजे खात्याप्रमाणे वेगवेगळे. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. खरं कोणतं ते कारखान्यात जाऊन ठरतं, व्याकरणात नाही. 'द स्टुडंट्स वेंट होम विथ देअर पेरेंट्स' इथे एकवचनाचा प्रश्नच नाही. 'द अॅप्लिकंट्स शुड राइट देअर नेम्स इन कॅपिटल लेटर्स' इथे नावं अनेक, म्हणून 'नेम्स'.

काही ठरलेले शब्दप्रयोग मात्र एकवचनातच राहतात, माणसं कितीही असोत. 'दे अर्न अ लिव्हिंग', 'दे टुक पार्ट', 'दे केम ऑन फूट', 'द लूम्स आर अंडर देअर कंट्रोल'. यांत वस्तू मोजलेली नाही, म्हणून 'लिव्हिंग्ज' किंवा 'कंट्रोल्स' करायला जाऊ नका.

आता गोंधळ मुळातूनच काढून टाकण्याचा मार्ग. कर्ता एकवचनात आणा. 'ऑल' काढा, 'ईच' किंवा 'एव्हरी' घाला:

'ईच वर्कर मस्ट सबमिट टू फोटोग्राफ्स.'

आता संख्या पक्की झाली. शंभर कामगार असतील तर दोनशे फोटो, वाद नाही. इथे एक नवी अडचण येते: 'ईच वर्कर मस्ट कॅरी हिज...' की 'हर' की 'देअर'? माझा सल्ला, सर्वनाम टाळून 'अ' किंवा 'अॅन' वापरा: 'ईच वर्कर मस्ट कॅरी अॅन आयडेंटिटी कार्ड.' वाक्य लहान होतं, स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होतं आणि 'देअर' एकवचनी चालतं का या चर्चेत शिरावंच लागत नाही.

निविदा, करार, परिपत्रक, शाळेची सूचना, सोसायटीची नोटीस, या प्रत्येकात जिथे जिथे 'ऑल' आणि त्यानंतर 'देअर' दिसेल तिथे थांबून हा बदल करून बघा. निम्म्याहून अधिक वेळा वाक्य सुधारतं.

कायद्याचा आधार घेणारेही भेटतात. 'जनरल क्लॉजेस अॅक्ट', १८९७ च्या कलम १३ मध्ये एकवचनी शब्दात अनेकवचन आणि अनेकवचनी शब्दात एकवचन समाविष्ट आहे असं म्हटलं आहे, हे खरं. पण ती सोय केंद्रीय कायदे आणि विनियम वाचण्यासाठी आहे, आणि तीही संदर्भ विरुद्ध जात नसेल तेव्हा. तुमच्या कोटेशनमधला 'सॅम्पल' एक की दहा हे ती सांगत नाही. ते तुम्हीच लिहायला हवं.

अर्जांच्या छापील नमुन्यांत 'डायरेक्टर' पुढे कंसात 'एस' लिहायची पद्धत आहे. कोरा फॉर्म असेल, कोण किती जण भरणार ते माहीत नसेल, तर ती चालते. पत्रात किंवा करारात ती आळशी वाटते, कारण तिथे संख्या तुम्हाला माहीत असते.

पायरी तिसरी: नामाला चिकटलेलं नाम

एका नामाच्या आधी दुसरं नाम विशेषणासारखं आलं तर ते पहिलं नाम सहसा एकवचनात राहतं. कारखान्यात लाखो टॉवेल बनत असले तरी तो 'टॉवेल फॅक्टरी', 'टॉवेल्स फॅक्टरी' नाही. 'पॉमेग्रॅनेट एक्स्पोर्टर', 'बुक शॉप', 'लूम ओनर'.

आकडा आला तरी हेच. 'अ फाइव्ह-डे वर्कशॉप', 'अ टेन-मेंबर कमिटी', 'अ फोर-पेज अॅग्रीमेंट', 'अ टू-हंड्रेड-मीटर रोल'. आकडा आणि नाम यांच्यात छोटी आडवी रेघ येते आणि 'स' जातो. नाम मोकळं झालं की 'स' परततो: 'द वर्कशॉप लास्टेड फाइव्ह डेज', 'द कमिटी हॅज टेन मेंबर्स'.

नोकरीच्या अर्जातलं 'टू इयर एक्स्पिरिअन्स' याच जागी अडकतं. बरोबर लिहायच्या दोन रीती: 'टू इयर्स ऑफ एक्स्पिरिअन्स', किंवा 'टू इयर्स' लिहून 'एस' नंतर वरचा स्वल्पविराम देऊन 'एक्स्पिरिअन्स'. 'वन मंथ' असेल तर तो स्वल्पविराम 'एस'च्या आधी, 'थ्री मंथ्स नोटिस' असेल तर 'एस'च्या नंतर. खात्री नसेल तर 'ऑफ'ची रीत घ्या, तिथे चुकायला जागा नाही.

अपवाद आहेत आणि ते पाठच करावे लागतात: सेल्स मॅनेजर, सेव्हिंग्ज अकाउंट, अकाउंट्स डिपार्टमेंट, स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स, गुड्स ट्रेन, कस्टम्स ड्यूटी. यांतले बरेचसे शब्द 'स'शिवाय वेगळाच अर्थ देतात, म्हणून 'स' टिकून राहिला.

याच ठिकाणी वरच्या स्वल्पविरामाचा दुसरा रोग सांगतो. दुकानांच्या पाट्यांवर 'टॉवेल' लिहून वरचा स्वल्पविराम आणि मग 'एस' असं दिसतं. साध्या अनेकवचनाला तो स्वल्पविराम कधीच लागत नाही. तो मालकी सांगतो, संख्या नाही.

पायरी चौथी: मापं, रकमा आणि लाख

आपण भारतीय इंग्रजी लिहितो, त्यामुळे लाख आणि कोटी येणारच. निश्चित आकड्यानंतर 'स' नाही: 'फाइव्ह लाख रुपीज', 'टू क्रोर रुपीज', 'टेन डझन टॉवेल्स', 'थ्री हंड्रेड बेडशीट्स'. आकडा मोघम असेल तेव्हा 'स' आणि सोबत 'ऑफ': 'लाख्स ऑफ डिव्होटीज व्हिजिट पंढरपूर', 'डझन्स ऑफ ऑर्डर्स', 'हंड्रेड्स ऑफ लूम्स'. धनादेशावरही 'रुपीज फाइव्ह लाख ओन्ली', 'लाख्स' नको.

रक्कम, अंतर किंवा कालावधी एक गठ्ठा म्हणून धरला की क्रियापद एकवचनी: 'फिफ्टी थाउजंड रुपीज इज ड्यू', 'थर्टी डेज इज अ रीझनेबल पीरियड'. दिवस तीस असले तरी मुदत एक आहे.

बिलांवर 'केजीएस' लिहायची जुनी सवय आहे. आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत एककाच्या चिन्हाला अनेकवचन नसतं. ५० नंतर नुसतं 'केजी', १२० नंतर नुसतं 'एम'. पूर्ण शब्द लिहिला तर मात्र 'किलोग्रॅम्स', 'मीटर्स'.

टक्क्यांत 'ऑफ' नंतर काय आहे ते बघा. 'सिक्स्टी पर सेंट ऑफ द यार्न इज इम्पोर्टेड', पण 'सिक्स्टी पर सेंट ऑफ द लूम्स आर क्लोज्ड'. 'मोस्ट ऑफ', 'सम ऑफ', 'हाफ ऑफ' यांनाही हाच नियम.

पायरी पाचवी: 'वन ऑफ' आणि त्याचे भाऊबंद

'सोलापूर इज वन ऑफ द मेजर टेक्स्टाइल सेंटर इन महाराष्ट्र' या वाक्यात काय चुकलं ते आता लगेच दिसेल. अनेकांतला एक, म्हणजे आधी अनेक हवेत. 'वन ऑफ द' नंतर नाम नेहमी अनेकवचनी, आणि 'वन' हाच कर्ता असेल तर क्रियापद एकवचनी: 'वन ऑफ द लूम्स इज अंडर रिपेअर.'

'ईच ऑफ द लूम्स इज', 'नायदर ऑफ द ऑफर्स वॉज' यांतही नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी. पण 'ऑफ' नसेल तर नामही एकवचनी: 'ईच लूम', 'एव्हरी ऑफर'. 'एव्हरी एम्प्लॉइज' हे कुठेच बसत नाही.

'अ नंबर ऑफ' आणि 'द नंबर ऑफ' यांत एका छोट्या शब्दाने क्रियापद फिरतं. 'अ नंबर ऑफ युनिट्स हॅव क्लोज्ड' म्हणजे बरीच युनिट्स बंद झाली. 'द नंबर ऑफ युनिट्स हॅज फॉलन' म्हणजे संख्या घटली. कर्ता संख्या आहे.

'धिस काइंड ऑफ फॅब्रिक' आणि 'दीज काइंड्स ऑफ फॅब्रिक्स' यांची सरमिसळ करून 'दीज काइंड ऑफ' लिहू नका. बोलताना खपून जातं, लेखी नाही.

समूहाचे शब्द आणि फसवा 'स'

कमिटी, कंपनी, बोर्ड, गव्हर्नमेंट, टीम हे शब्द आपल्या पत्रव्यवहारात एकवचनी ठेवावेत: 'द कमिटी हॅज डिसायडेड'. ब्रिटिश लेखनात, विशेषतः क्रिकेटच्या बातम्यांत, अनेकवचनी क्रियापद दिसतं आणि ते चूक नाही. पण एका पत्रात एकच पद्धत हवी. 'पोलीस' आणि 'पीपल' मात्र नेहमी अनेकवचनी: 'द पोलीस हॅव रजिस्टर्ड अ केस'. एक शिपाई सांगायचा तर 'अ पोलीस कॉन्स्टेबल'. 'स्टाफ' म्हणजे सगळा कर्मचारीवर्ग, म्हणून 'फाइव्ह स्टाफ्स' नाही, 'फाइव्ह स्टाफ मेंबर्स'.

'न्यूज', 'मॅथेमॅटिक्स', 'इकॉनॉमिक्स' यांच्या शेवटी 'स' असला तरी ते एकवचनी. 'गुड्स', 'प्रोसीड्स', 'अर्निंग्ज', 'एरिअर्स', 'पर्टिक्युलर्स' हे अनेकवचनी. 'प्रेमिसेस' ही जागा एकच असली तरी 'द प्रेमिसेस आर लॉक्ड' असंच लिहायचं. 'स्पीशीज', 'सीरिज', 'मीन्स' दोन्ही वचनांत सारखेच. नान्नजच्या माळढोकाबद्दल लिहाल तर 'धिस स्पीशीज इज क्रिटिकली एन्डेंजर्ड', आणि अभयारण्यातल्या अनेक जातींच्या पक्ष्यांबद्दल 'दीज स्पीशीज आर'.

पत्राच्या सुरुवातीचं 'विथ रिगार्ड्स टु युअर लेटर' बदला. 'विथ रिगार्ड टु' म्हणजे संदर्भात. 'रिगार्ड्स' म्हणजे शुभेच्छा, त्यांची जागा पत्राच्या शेवटी.

लॅटिन आणि ग्रीकमधून आलेल्यांपैकी चार सांभाळा. 'क्रायटीरियन' एक, 'क्रायटीरिया' अनेक, म्हणून 'द ओन्ली क्रायटीरिया इज' चूक. 'फिनॉमिनन' एक, 'फिनॉमिना' अनेक. 'अॅलम्नाय' हे अनेकवचन आहे; एका माजी विद्यार्थ्याला 'अॅलम्नस', एका माजी विद्यार्थिनीला 'अॅलम्ना'. 'डेटा' दोन्ही रीतींनी चालतो, शास्त्रीय प्रबंधात 'डेटा आर' जास्त दिसतं. आपल्या मार्गदर्शकांना विचारून एक ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

निर्यातीच्या कागदांत जोडशब्दांचं अनेकवचन मुख्य शब्दाला लागतं: 'बिल्स ऑफ लेडिंग', 'लेटर्स ऑफ क्रेडिट', 'सर्टिफिकेट्स ऑफ ओरिजिन', 'पॉवर्स ऑफ अॅटर्नी'. 'बिल ऑफ लेडिंग्ज' लिहिलं तर बँकेतला माणूस समजून घेईल, पण कागद कच्चा वाटेल.

मराठी शब्द इंग्रजी वाक्यात आले तर? सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांना 'स' लावावा का, असं विचारलं जातं. मी 'स' न लावता शेजारी इंग्रजी नाम उभं करतो आणि वचन त्याच्यावर टाकतो: 'द सेव्हन नंदीध्वज पोल्स'. मराठी शब्द जसाच्या तसा राहतो आणि संख्याही कळते.

'अँड' आला की

'द चेअरमन अँड मॅनेजिंग डायरेक्टर हॅज साइन्ड' म्हणजे दोन्ही पदं सांभाळणारी एकच व्यक्ती. 'द चेअरमन अँड द मॅनेजिंग डायरेक्टर हॅव साइन्ड' म्हणजे दोघं. दुसऱ्या 'द'वर सगळं आहे, म्हणून करारात तो विसरू नका. 'द फर्स्ट अँड सेकंड शिफ्ट्स', 'द मराठी अँड इंग्लिश व्हर्जन्स' यांत दोन वस्तू असल्याने नाम अनेकवचनी. 'अलाँग विथ' किंवा 'अॅज वेल अॅज' ने जोडलेलं नाम क्रियापदाला बदलत नाही: 'द इनव्हॉइस, अलाँग विथ द पॅकिंग लिस्ट्स, इज अटॅच्ड.'

एक परिच्छेद दुरुस्त करून बघू

समजा कारखान्यातून खरेदीदाराला हा मजकूर जायचा आहे:

'वी आर वन ओल्ड टॉवेल्स फॅक्टरी इन सोलापूर विथ फॉर्टी लूम. आवर ओनर हॅव थर्टी इयर एक्स्पिरिअन्स. ऑल अवर मशिनरीज आर न्यू. वी विल सेंड द सॅम्पल ऑफ ऑल कलर. प्लीज सेंड योर फीडबॅक्स अँड अदर इन्फर्मेशन्स.'

लूम, इयर, कलर यांचा 'स' गळला आहे तो मराठी कानामुळे. 'ओनर हॅव' मध्ये मालकांबद्दलचा आदर वचनात शिरला आहे. 'टॉवेल्स फॅक्टरी' तिसऱ्या पायरीवर अडकलं. मशिनरी, फीडबॅक, इन्फर्मेशन पहिल्या पायरीवर. 'सॅम्पल' दुसऱ्या पायरीवर, आणि दुरुस्ती करताना मालकांना विचारावं लागेल की प्रत्येक रंगाचे किती नमुने जाणार आहेत. समजा दोन:

'वी आर अॅन ओल्ड टॉवेल फॅक्टरी इन सोलापूर विथ फॉर्टी लूम्स. आवर ओनर हॅज थर्टी इयर्स ऑफ एक्स्पिरिअन्स. ऑल अवर मशिनरी इज न्यू. वी विल सेंड टू सॅम्पल्स ऑफ ईच कलर. प्लीज सेंड अस योर फीडबॅक अँड एनी अदर इन्फर्मेशन यू हॅव.'

'फीडबॅक' आणि 'इन्फर्मेशन' यांच्या आधी 'अ' घातलेला नाही, हेही बघून ठेवा. 'मशिनरी' ऐवजी 'मशीन्स' केलं असतं तर क्रियापद 'आर' झालं असतं: 'ऑल अवर मशीन्स आर न्यू'. खरेदीदार माग बघायला येणार असेल, तर मी हेच दुसरं वाक्य ठेवेन, कारण तो येऊन एकेक यंत्रच मोजणार.